जुन्या डिझेल ट्रकसाठी योग्य कूलंटची निवड

ऊस कारखान्यावर पोचविणे, कांदा बाजार समितीत नेणे, खते व बियाणे गावात आणणे, ही कामे आज बहुतांशी ट्रकवर अवलंबून आहेत. पुष्कळ गावांतून शेतकऱ्यांनी एकट्याने किंवा भागीदारीत जुने डिझेल ट्रक विकत घेतलेले आढळतात. नव्या ट्रकची किंमत सर्वांनाच परवडते असे नाही, आणि नीट निगा राखल्यास जुने डिझेल इंजिन अनेक वर्षे उत्तम काम देते. तथापि ही निगा राखताना तेल, टायर व बॅटरी यांकडे जितके लक्ष पुरविले जाते, तितके इंजिन थंड राखणाऱ्या द्रवाकडे पुरविले जात नाही. रेडिएटरमध्ये पाणी कमी झाले की जवळच्या विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी ओतावे आणि गाडी पुढे न्यावी, अशी सर्वसाधारण रीत आहे. ऐन गाळप हंगामात इंजिनाचे हेड तडकून किंवा लायनरला छिद्र पडून ट्रक उभा राहतो, त्याचे कारण पुष्कळदा या साध्या रीतीत सापडते. कर्जाचे हप्ते चालू, ऊस फडात वाळत पडलेला आणि ट्रक दुरुस्तीस गेलेला, अशी स्थिती टाळावयाची असेल तर कूलंटची निवड विचारपूर्वक करणे अगत्याचे आहे.

कूलंटचे कार्य

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा साधारणपणे एकतृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या उपयोगी पडतो. जवळजवळ तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर जातो. उरलेल्या उष्णतेपैकी बरीचशी इंजिनाच्या धातूत शिरते व ती कूलंटच्या द्वारे बाहेर काढावी लागते. पाण्याचा पंप हा द्रव इंजिनाच्या पोकळ्यांतून फिरवितो, थर्मोस्टॅट त्याचा मार्ग उघडतो व बंद करतो, आणि रेडिएटरमध्ये वाऱ्याच्या योगाने तो निवतो.

कूलंटकडून एकूण चार कामांची अपेक्षा असते. त्याने उष्णता वाहून न्यावी. लवकर उकळू नये. थंड प्रदेशात गोठू नये. आणि ज्या धातूंतून तो वाहतो त्यांना गंजू देऊ नये. यांपैकी पहिले काम साधे पाणी सर्वांत उत्तम करते. उरलेली तीन कामे मात्र साध्या पाण्याकडून होत नाहीत. जुन्या ट्रकच्या बाबतीत चौथे काम, म्हणजे धातूचे रक्षण, सर्वांत महत्त्वाचे होय. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशास हवे, असा प्रश्न पुष्कळ शेतकरी विचारतात. त्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी की आपल्याकडे कूलंट प्रामुख्याने गंज, क्षार व उकळणे यांपासून बचावासाठी वापरावयाचे आहे.

साध्या पाण्याचे दोष

पहिला दोष क्षारांचा. दख्खनच्या पठारावरील पुष्कळ विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड असते. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तेथील भूजल तर खारटच असते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही व डाळ लवकर शिजत नाही ते पाणी जड समजावे. असे पाणी इंजिनात तापले म्हणजे त्यातील चुन्याचे क्षार सर्वांत उष्ण जागी, म्हणजे लायनरच्या व हेडच्या भोवती, थर होऊन बसतात. चुलीवरील पाणी तापविण्याच्या भांड्यात जी पांढरी खपली धरते तीच ही. हा थर उष्णतेला मोठा अडथळा करतो. अवघ्या दीड मिलिमीटर जाडीचा थर हा अनेक सेंटिमीटर जाडीच्या बिडाच्या भिंतीइतका अडथळा करू शकतो. अशा वेळी तापमापक काटा ठीक दाखवीत असतानाही हेडचा एखादा भाग आतून भाजत असतो.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. एका ट्रकच्या शीतन व्यवस्थेत २० लिटर द्रव मावतो व भरावयाच्या पाण्यातील जडपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे असे धरू. पहिल्या भरणीबरोबर ८ ग्रॅम क्षार आत गेले. पाणी उकळून वाफेच्या रूपाने रोज २ लिटर कमी होत असेल, तर १५० दिवसांच्या हंगामात ३०० लिटर पाणी वरून घालावे लागते. वाफ निघून जाते, क्षार मात्र आतच राहतात. या ३०० लिटरबरोबर आणखी १२० ग्रॅम क्षार आत जातात. ते सारेच थर होऊन बसत नाहीत, काही विरघळलेल्या स्थितीत राहतात. तरीही एका हंगामात केवढी भर पडते हे यावरून दिसून येईल. पाणी वारंवार घालावे लागणे हीच मुळात रोगाची खूण आहे, आणि जड पाणी घालणे म्हणजे तो रोग वाढविणे होय.

दुसरा दोष गंजाचा. इंजिनाचा मुख्य ठोकळा बिडाचा असतो. जुन्या रेडिएटरच्या नळ्या तांब्याच्या किंवा पितळेच्या असून त्या डाख देऊन जोडलेल्या असतात. काही भाग ॲल्युमिनियमचे असतात. इतके निरनिराळे धातू एकाच क्षारयुक्त पाण्यात बुडाले म्हणजे बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यांतील दुर्बल धातू झिजू लागतो. बिडावर तांबूस गंज चढतो व तो सुटून रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अडकतो.

तिसरा दोष उकळण्याचा. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. उंची वाढत जाईल तसा हा अंक कमी होतो. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडे पाणी सुमारे ९५ ते ९६ अंशांवरच उकळू लागते. भरलेला ट्रक पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढत असतो तेव्हा इंजिनावर भार अधिक असतो आणि गाडीचा वेग कमी असल्याने रेडिएटरला वारा कमी मिळतो. नेमक्या त्याच वेळी साधे पाणी उकळते.

लायनरला पडणारी छिद्रे

जड वाहनांच्या पुष्कळ डिझेल इंजिनांत लायनरची बाहेरची बाजू थेट पाण्यात असते. अशा लायनरला ओला लायनर म्हणतात. ज्या इंजिनांत लायनर बिडाच्या भिंतीत बसविलेला असून त्याला पाण्याचा स्पर्श होत नाही, त्यांतील लायनर कोरडा होय. आपल्या ट्रकमध्ये कोणता लायनर आहे हे निर्मात्याच्या पुस्तिकेवरून किंवा इंजिन खोलण्याचा अनुभव असलेल्या मेकॅनिककडून निश्चित जाणून घ्यावे, कारण कूलंटची निवड यावर बरीचशी अवलंबून आहे.

ओल्या लायनरचा एक विशेष शत्रू आहे. स्फोटाच्या दाबाने पिस्टन लायनरच्या एका बाजूवर आदळतो व लायनर घंटेसारखा सूक्ष्मपणे थरथरतो. या थरथरण्यामुळे त्याच्या बाहेरील बाजूस पाण्यात क्षणभर वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात. बुडबुडा फुटताना पाण्याची बारीक धार धातूवर जोराने आदळते. हा मारा एकाच जागी सतत होत राहिल्याने तेथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ते खोल होत जाऊन अखेर लायनर आरपार भोकलतो. मग कूलंट तेलात मिसळते किंवा सिलिंडरमध्ये उतरते. तेलात मिसळले तर बेअरिंगे जातात. सिलिंडरमध्ये साचले व तशात इंजिन सुरू केले तर पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. साधे पाणी किंवा मोटारगाडीचे सामान्य कूलंट या माऱ्यापासून पुरेसे रक्षण करीत नाही. जड डिझेल इंजिनाच्या कूलंटमध्ये यासाठी नायट्राइट, मॉलिब्डेट किंवा तत्सम द्रव्ये घातलेली असतात. त्यांच्या योगाने लायनरवर एक अतिशय पातळ संरक्षक पापुद्रा तयार होतो व बुडबुड्यांचा मारा तो पापुद्रा सोसतो.

कूलंटचे प्रकार

बाजारातील बहुतेक कूलंटचा मुख्य घटक इथिलीन ग्लायकॉल हा असतो. त्यात गंजरोधक द्रव्ये मिसळलेली असतात. या गंजरोधकांवरून कूलंटचे तीन ठळक प्रकार पडतात.

पहिला, पारंपरिक प्रकार. यात सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट, नायट्राइट अशी खनिज द्रव्ये असतात. ती धातूवर लवकर पापुद्रा धरतात. बीड, तांबे, पितळ व डाख यांनी बनलेल्या जुन्या इंजिनांना हा प्रकार अनुरूप आहे. मात्र ही द्रव्ये वापरात खर्ची पडतात, म्हणून असे कूलंट साधारणपणे दोन वर्षांनी किंवा उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावे लागते.

दुसरा, सेंद्रिय आम्लांचा प्रकार. यातील द्रव्ये सावकाश खर्ची पडतात व कूलंट पाच वर्षे किंवा अधिक टिकते. नव्या इंजिनांना हा प्रकार उत्तम आहे. परंतु जुन्या डाखाच्या रेडिएटरचे रक्षण यातील प्रत्येक कूलंट सारखेच करते असे नाही, आणि यातील काही आम्ले जुन्या पद्धतीच्या काही गॅस्केटांना व प्लास्टिकच्या भागांना मऊ करतात. यास्तव निर्मात्याची शिफारस असल्यावाचून जुन्या ट्रकमध्ये हा प्रकार वापरू नये.

तिसरा, मिश्र प्रकार. यात सेंद्रिय आम्लांच्या जोडीला सिलिकेट किंवा नायट्राइट असते. जड डिझेल इंजिनांसाठी बनविलेली काही चांगली कूलंटे या प्रकारात मोडतात.

याखेरीज मोटारगाडीचे व जड डिझेल इंजिनाचे कूलंट यांतील भेद लक्षात ठेवावा. मोटारगाडीच्या पारंपरिक कूलंटमध्ये ॲल्युमिनियमच्या रक्षणासाठी सिलिकेट अधिक असते. अशा कूलंटमध्ये डिझेल इंजिनासाठीची पूरक गंजरोधके वरून घातली तर सिलिकेट फाटून त्याचा हिरवट चिकट गाळ होतो आणि रेडिएटर तुंबतो. म्हणून जड डिझेल इंजिनासाठी कमी सिलिकेटचे कूलंट घ्यावे.

रंगावर विसंबू नये

हिरवे कूलंट जुन्या गाडीचे, लाल किंवा नारिंगी नव्या गाडीचे, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. पूर्वी तिच्यात काही तथ्य होते. परंतु रंग हा केवळ घातलेला असतो. कोणत्या कूलंटला कोणता रंग द्यावा असा सर्वांवर बंधनकारक नियम नाही. एकाच रंगाची दोन कूलंटे घटकांच्या दृष्टीने अगदी भिन्न असू शकतात. खरेदी करताना रंग न पाहता डब्यावरील मजकूर वाचावा.

वाचताना पुढील गोष्टी शोधाव्यात. जड डिझेल इंजिनासाठी योग्य असा स्पष्ट उल्लेख आहे काय? एएसटीएम डी ६२१० हे मानक दिले आहे काय? हे मानक जड इंजिनांच्या अशा कूलंटसाठी आहे की ज्यात लायनरच्या रक्षणाची द्रव्ये आधीच घातलेली असतात. एएसटीएम डी ४९८५ असे लिहिले असेल तर ते कमी सिलिकेटचे कूलंट असून त्यात पूरक गंजरोधके प्रथम वेगळी घालावी लागतात, असे समजावे. एएसटीएम डी ३३०६ हे मानक मोटारगाड्यांसारख्या हलक्या वाहनांच्या कूलंटचे आहे. भारतीय मानक आयएस ५७५९ हे इंजिन कूलंटसाठी आहे. ते डब्यावर असणे चांगले, परंतु ओल्या लायनरच्या इंजिनासाठी जड डिझेल इंजिनाचा वेगळा उल्लेखही पाहावा.

मानकाला महत्त्व का द्यावे हे एका कसोटीवरून कळेल. कूलंटची गंजरोधक शक्ती तपासण्याच्या एका रूढ कसोटीत तांबे, डाख, पितळ, पोलाद, बीड व ॲल्युमिनियम या सहा धातूंच्या पट्ट्या मुद्दाम क्षारयुक्त केलेल्या द्रवात ८८ अंश सेल्सिअसला ३३६ तास, म्हणजे १४ दिवस, ठेवतात आणि नंतर प्रत्येक पट्टीचे वजन किती घटले ते पाहतात. जुन्या ट्रकच्या शीतन व्यवस्थेत आढळणारे धातू हेच होत. ज्या बाटलीवर कोणतेही मानक नाही, जी सुटी विकली जाते किंवा जिच्यात केवळ रंगीत पाणी असल्याचा संशय येतो, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

पाणी कोणते मिसळावे

कूलंट दोन रूपांत मिळते. एक तयार मिश्रण, जे तसेच भरावयाचे असते व ज्यात पुन्हा पाणी घालावयाचे नसते. दुसरे घट्ट कूलंट, ज्यात पाणी मिसळावे लागते. घट्ट कूलंट घेतल्यास पाण्याची निवड कूलंटइतकीच महत्त्वाची ठरते.

जड डिझेल इंजिनांसाठी पाण्याच्या सर्वमान्य मर्यादा अशा आहेत: एकूण जडपणा लिटरला १७० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा, क्लोराइड ४० मिलिग्रॅमपेक्षा व सल्फेट १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरे पाणी उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. यावरून असे दिसते की माणसाच्या पिण्यास योग्य असलेले पाणी इंजिनास अयोग्य असू शकते.

सर्वांत चांगले म्हणजे क्षारविरहित पाणी. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात बॅटरीचे पाणी म्हणून जे मिळते ते हेच. मात्र बॅटरीचे ॲसिड चुकून घेतले जाऊ नये, म्हणून लेबल वाचूनच घ्यावे. प्रवासात काहीच न मिळाल्यास स्वच्छ छपरावरून धरलेले पावसाचे पाणी किंवा शुद्धीकरण यंत्राचे पिण्याचे पाणी तात्पुरते चालेल. त्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र कधीही वापरू नये, त्यात क्षार अधिकच दाट झालेले असतात. पाणी उकळून घेतल्याने जडपणाचा काही भाग खाली बसतो, पण क्लोराइड व सल्फेट तसेच राहतात.

मिश्रणाचे प्रमाण

घट्ट कूलंट व पाणी निम्मे निम्मे घेतल्यास मिश्रण सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही आणि उघड्यावर सुमारे १०७ अंशांवर उकळते. कूलंट एकतृतीयांश व पाणी दोनतृतीयांश घेतल्यास गोठण्याचा बिंदू सुमारे उणे १७ अंश असतो. उत्पादकाने मान्य केले असेल तर केवळ महाराष्ट्रात फिरणाऱ्या ट्रकला हे दुसरे प्रमाण चालते. त्याहून कमी प्रमाण घेऊ नये. कारण ग्लायकॉलबरोबर गंजरोधकेही पातळ होतात व डब्यावर लिहिलेले रक्षण प्रत्यक्षात मिळत नाही. जळगावची केळी किंवा नाशिकचा कांदा घेऊन जे ट्रक हिवाळ्यात हिमाचल किंवा काश्मीरकडे जातात त्यांनी निम्मे प्रमाणच ठेवावे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि एका रात्रीत इंजिनाचा ठोकळा तडकू शकतो.

अधिक घट्ट ते अधिक चांगले, ही समजूतही चुकीची आहे. पाणी न मिसळलेले ग्लायकॉल सुमारे उणे १३ अंशांवरच गोठते, म्हणजे निम्म्या मिश्रणाच्या मानाने बरेच आधी. शिवाय ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. निम्म्या मिश्रणाची उष्णता धारण करण्याची शक्ती वजनास वजन धरता पाण्याहून सुमारे १५ टक्क्यांनी कमी असते. उन्हाळ्यात अति घट्ट कूलंट भरलेला ट्रक त्यामुळे अधिकच तापतो.

उष्ण प्रदेशात काही निर्माते ग्लायकॉलविना क्षारविरहित पाणी व पूरक गंजरोधके एवढेच वापरण्यास परवानगी देतात. पुस्तिकेत तशी परवानगी असेल तरच हा मार्ग पत्करावा व सांगितलेले प्रमाण काटेकोरपणे पाळावे. पूर्वी क्रोमेटयुक्त गंजरोधके पाण्यात घालण्याची पद्धत होती. ती द्रव्ये अत्यंत विषारी असून ग्लायकॉलशी संयोग होऊन त्यांचा गाळ होतो. सबब ती वापरू नयेत.

जुने कूलंट काढून नवे भरणे

जुना ट्रक विकत घेतला असता आत कोणते कूलंट आहे हे सहसा कळत नाही. निरनिराळ्या प्रकारांची कूलंटे एकमेकांत मिसळली तर गंजरोधकांची शक्ती घटते, आणि काही वेळा गाळ होतो. अशा वेळी सर्व द्रव काढून नव्याने भरणे हाच सुरक्षित मार्ग होय. त्याची रीत पुढीलप्रमाणे:

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. रेडिएटरचा वरचा होजपाईप हाताने सहज धरता येईपर्यंत टोपण उघडू नये. गरम असताना टोपण काढल्यास उकळता द्रव उसळून तोंड व डोळे भाजतात.

२. रेडिएटरची व इंजिनाच्या ठोकळ्याची, अशा दोन्ही तोट्या उघडून द्रव पसरट भांड्यात धरावा. केवळ रेडिएटर रिकामा केल्याने निम्मा जुना द्रव आतच राहतो.

३. स्वच्छ पाणी भरून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवावे, थंड करावे व पाणी काढावे. पाणी नितळ येईपर्यंत असे करावे. अखेरची धुणी क्षारविरहित पाण्याची असावी.

४. गंज व क्षार फार असतील तर शीतन व्यवस्थेसाठीच बनविलेले शोधक द्रव्य त्यावरील सूचनेप्रमाणे वापरावे. संडास धुण्याचे ॲसिड मुळीच वापरू नये. ते क्षाराबरोबर धातूही खाते. थराने बुजलेली छिद्रे साफ केल्यावर गळू लागतात, म्हणून हे काम हंगामाच्या तोंडावर न करता आधी महिना दोन महिने करावे.

५. होजपाईप, त्यांचे पट्टे, थर्मोस्टॅट व रेडिएटरचे टोपण तपासून आवश्यक ते बदलावे.

६. धुतल्यानंतर काही पाणी ठोकळ्यात शिल्लक राहतेच. म्हणून एकूण २० लिटर मावत असतील व निम्मे प्रमाण हवे असेल, तर प्रथम १० लिटर घट्ट कूलंट भरावे आणि उरलेली जागा क्षारविरहित पाण्याने भरावी.

७. इंजिन चालवून आतील हवा निघू द्यावी, थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी. कूलंटचे नाव, मानक, प्रमाण व तारीख चालकाच्या खोलीत ठळकपणे लिहून ठेवावी, म्हणजे वाटेत दुसरे कूलंट घातले जाणार नाही.

रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या उपकरणाने मिश्रणाचे प्रमाण कळते. प्रमाण कमी आढळल्यास सर्व द्रव टाकून देण्याची आवश्यकता नाही. उदाहरणार्थ, २० लिटरमध्ये प्रमाण २५ टक्के असेल व ते ५० टक्के करावयाचे असेल, तर पावणेसात लिटरच्या आसपास द्रव काढून तितकेच त्याच प्रकारचे घट्ट कूलंट घालावे. नायट्राइट किती उरले आहे हे तपासण्याच्या कागदी पट्ट्या मिळतात. पूरक गंजरोधके त्या पाहूनच घालावीत. अंदाजाने अधिक घातल्यास त्यांचाच गाळ होऊन पंपाचे सील गळू लागते.

कूलंटने जे साधत नाही

चांगले कूलंट म्हणजे दुरुस्ती नव्हे. चिखलाने व काडीकचऱ्याने बुजलेला रेडिएटर, सैल पट्टा, झिजलेला पंप किंवा फुंकलेले हेड गॅस्केट यांवर कूलंटचा इलाज चालत नाही. रेडिएटरच्या टोपणाकडे विशेष लक्ष द्यावे. दर चौरस इंचास ७ पौंड दाबाचे टोपण नीट बसत असेल तर समुद्रसपाटीला साधे पाणीसुद्धा सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. त्याची स्प्रिंग सैल झाली की हा लाभ नाहीसा होतो. उलट, जुन्या रेडिएटरवर त्याच्या ताकदीबाहेरच्या दाबाचे टोपण बसविल्यास डाखाचे जोड उकलतात. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथाही हानिकारक आहे. इंजिन आवश्यक उष्णतेला पोचत नाही, डिझेल अधिक लागते, लायनर लवकर झिजतो. आणि काही इंजिनांत तर द्रव रेडिएटरला वळसा घालून जात असल्याने गाडी अधिकच तापते.

कूलंट तांबूस व गढूळ झाले तर गंजरोधके संपली असे समजावे. त्यावर तेलाचा तवंग दिसला, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आले किंवा बाहेर कोठेही गळती नसता पातळी घटली, तर दोष इंजिनाच्या आत आहे. तेल दुधाळ दिसल्यास किंवा तेलाची पातळी वाढल्यास इंजिन सुरू न करता मेकॅनिकला बोलवावे. पाणी आटून लाल तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, बीड तडकते. गाडी सावलीत उभी करावी व इंजिन निवेपर्यंत थांबावे.

विषापासून सावधगिरी

इथिलीन ग्लायकॉल हे तीव्र विष आहे. त्याला गोड चव असते, म्हणून मुले व जनावरे ते पिण्याचा धोका मोठा आहे. सुमारे १०० मिलिलिटर एवढे अल्प प्रमाण मोठ्या माणसाच्या प्राणावर बेतू शकते. मुलास त्याहून फार थोडे पुरते. प्रारंभी माणूस दारू प्याल्यासारखा वागतो व नंतर मूत्रपिंडे निकामी होतात. कोणाच्या पोटात ते गेल्याची शंका जरी आली, तरी घरगुती उपाय करीत न बसता डबा बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. वेळेवर दिलेल्या उपचाराने प्राण वाचतात. जनावर असल्यास पशुवैद्यकास त्वरित बोलवावे.

काढलेले कूलंट गोठ्याजवळ, अंगणात, नाल्यात किंवा विहिरीच्या काठी ओतू नये. जुन्या डाखातील शिसेही त्यात उतरलेले असते. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर विष असे लिहून, कुलुपात ठेवावे व अधिकृत रीतीने विल्हेवाट लावणाऱ्या कार्यशाळेकडे द्यावे. कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत कदापि ठेवू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

गाळप हंगामापूर्वी गावातील ट्रकमालकांची एक बैठक घ्यावी. विहिरीच्या पाण्याची तपासणी करून त्यातील जडपणाचा आकडा सर्वांस सांगावा. ज्या मालकांजवळ पुस्तिका नाही त्यांना लायनर ओला की कोरडा व रेडिएटर तांब्याचा की ॲल्युमिनियमचा, एवढे मेकॅनिककडून लिहून घेण्यास सांगावे. अनेकांनी मिळून एकाच मानकाचे कूलंट व क्षारविरहित पाणी घेतल्यास खर्च कमी येतो, आणि वाटेत एकमेकांस मदत करताना भलतेच कूलंट मिसळण्याचा प्रसंगही टळतो.

सारांश, जुन्या डिझेल ट्रकसाठी प्रथम निर्मात्याची शिफारस पाळावी. ती उपलब्ध नसल्यास जड डिझेल इंजिनासाठी बनविलेले, कमी सिलिकेटचे, तांबे व डाख यांना मानवणारे आणि लायनर ओला असल्यास नायट्राइट किंवा तत्सम संरक्षक द्रव्ये असलेले कूलंट मानक पाहून घ्यावे. त्यात क्षारविरहित पाणीच मिसळावे. एकदा निवडलेला प्रकार बदलू नये व मुदतीत तो नवा भरावा. एवढे पथ्य पाळल्यास रेडिएटरमध्ये वारंवार पाणी ओतण्याचे कारण उरणार नाही, आणि ऐन हंगामात ट्रक फडावर वेळेवर उभा राहील.